विसावा ठाऊक नसलेल्या पेशी

हृदयरोपणासाठी दात्याचं हृदय काढताना त्याच्याकडे येणारे सगळे मज्जातंतू कापले जातात. रोपण करताना रक्तवाहिन्या जोडता येतात, मज्जातंतू जोडले जात नाहीत. तरीही रक्त खेळू लागलं, की बहुतेक वेळा हे हृदय धडधडू लागतं. मेंदूशी थेट संपर्क तुटलेला असतानाही ते विश्रांतीत मिनिटाला साधारण 90 ते 110 ठोके देत राहतं. भारतातलं पहिलं हृदयरोपण डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी 1968 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात केलं. या शस्त्रक्रियेचा विचार तरी कुणाला करता आला, तो हृदय स्वतःच्या हिमतीवर चालतं म्हणूनच.

एकोणिसाव्या शतकात यावर मोठा वाद होता. ठोका मज्जातंतूंमुळे पडतो की स्नायूमुळे? केंब्रिजच्या वॉल्टर गॅस्केल यांनी कासवाच्या हृदयावर प्रयोग करून स्नायूच्या बाजूने भक्कम पुरावा उभा केला. मात्र सस्तन प्राण्यांच्या हृदयात ठोका नेमका कुठे जन्मतो, हे कळायला 1906 चा उन्हाळा उजाडावा लागला. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात शरीररचनाशास्त्रज्ञ आर्थर कीथ आणि त्यांचा विद्यार्थी मार्टिन फ्लॅक वेगवेगळ्या प्राण्यांची हृदयं तपासत होते. एके दिवशी कीथ सायकलवरून फेरफटका मारून परतले, तेव्हा फ्लॅकने त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली चिचुंदरीसारख्या बिळात राहणाऱ्या ‘मोल’ या प्राण्याचं हृदय दाखवलं. वरची महाशीर उजव्या कर्णिकेत उघडते तिथे त्याला एक वेगळीच रचना दिसली होती. 1907 मध्ये दोघांनी ती प्रसिद्ध केली. ठोक्याची विद्युतलहर तिथूनच निघते, हे 1910 मध्ये थॉमस लुईस यांनी दाखवून दिलं. हीच ती सायनोएट्रियल नोड, डॉक्टरांच्या बोलण्यातली एसए नोड. माणसात ती जेमतेम एक-दोन सेंटिमीटर लांब असते.

या नोडमधल्या पेशीचं वेगळेपण समजायला आधी हृदयाची साधी स्नायूपेशी पाहू. जवनिकेतल्या पेशीच्या आतला विद्युतदाब बाहेरच्यापेक्षा सुमारे 90 मिलिव्होल्टने कमी असतो. शेजारून धक्का येईपर्यंत ती तिथेच स्वस्थ बसते. नोडच्या पेशीला असं बसायला ठिकाणच नाही. ठोका संपताना तिचा दाब उणे 60 च्या आसपास उतरतो आणि कुणीही न ढकलता लगेच पुन्हा चढू लागतो. उणे 40 च्या जवळ पोचला, की पेशीपटलातले कॅल्शियमचे मार्ग धडाधड उघडतात आणि नवा ठोका सुटतो. मग पोटॅशियम बाहेर पडतं, दाब पुन्हा उतरतो आणि चढण परत सुरू होते.

लग्नाचा मुहूर्त साधायला पूर्वी घटिकापात्र वापरत. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर ठेवायची. ती हळूहळू भरत 24 मिनिटांनी बुडायची. वेळ ठरायची ती छिद्रातून पाणी किती सावकाश शिरतं यावर. नोडच्या पेशीतही दोन ठोक्यांमधलं अंतर मुख्यतः या चढणीच्या वेगावर ठरतं. बुडालेली वाटी उचलून पुन्हा ठेवायला मात्र माणूस लागायचा. पेशी ते काम स्वतःच करते.

या चढणीला सुरुवात कशी होते? 1979 मध्ये ऑक्सफर्डमध्ये हिलरी ब्राउन, डारिओ डिफ्रान्सेस्को आणि सुझन नोबल यांनी या पेशींमधल्या एका चमत्कारिक विद्युतप्रवाहाचं वर्णन केलं. हृदयातले सोडियम-कॅल्शियमचे एरवीचे मार्ग दाब चढला की उघडतात. या प्रवाहाचा मार्ग दाब उतरला की उघडतो आणि त्यातून मुख्यतः सोडियम आत शिरू लागतं. म्हणजे ठोका संपून पेशी शांत होऊ पाहते, तेव्हा त्या शांत होण्यानेच पुढच्या ठोक्याची तयारी सुरू होते. हृदयाच्या सगळ्या शास्त्रात मला याहून थक्क करणारं काही वाटत नाही. एवढ्या साध्या युक्तीवर आपण दिवसाला सुमारे एक लाख ठोके जगतो!

पण गोष्ट एका प्रवाहावर संपत नाही. पेशीच्या आत कॅल्शियमची कोठारं असतात आणि ठोका पडण्याच्या जरा आधी त्यांतून कॅल्शियमचे छोटे-छोटे झोत सुटतात. ते कॅल्शियम बाहेर टाकताना बदल्यात सोडियम आत घ्यावं लागतं आणि त्यामुळे दाब आणखी चढतो. अमेरिकेत एडवर्ड लकाटा आणि व्हिक्टर माल्टसेव्ह यांनी या आतल्या घड्याळाची बाजू हिरिरीने मांडली. खरं घड्याळ पटलावरचं की आतलं, यावर अनेक वर्षं कडाक्याची चर्चा झाली. आज बहुतेक संशोधक दोन्ही एकमेकांत गुंतलेली मानतात. एक मंदावलं तरी दुसरं काही अंशी सावरून घेतं, आणि इतक्या महत्त्वाच्या कामात निसर्गाने तेवढी काळजी घ्यावी हे मला पटतं.

नोडमध्ये अशा हजारो पेशी आहेत आणि प्रत्येकीची चाल थोडी वेगळी. शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म मार्गांतून त्या एकमेकींना सतत ओढत राहतात आणि सगळ्यांचा मिळून एक ताल ठरतो. त्यांत कायमचा पुढारी कुणी नसतो. वेग बदलला की लहर निघण्याची जागाही नोडमध्येच थोडी सरकते.

मेंदूचं काम या तालाला वेग देणं किंवा तो संथ करणं एवढंच. विश्रांतीत व्हेगस हा मज्जातंतू ॲसिटिलकोलीन सोडून चढण मंद करतो, म्हणून आपली नाडी सत्तरच्या आसपास राहते. भीती वाटली किंवा जिना चढलो, की ॲड्रेनॅलिनसारखी रसायनं हीच चढण तीव्र करतात. रोपण केलेल्या हृदयाला व्हेगसचा हा आवर नसतो, म्हणून ते विश्रांतीतही जोरात धावतं.

वयोमानाने किंवा आजाराने नोड थकली, तर छातीत यांत्रिक पेसमेकर बसवतात. उलट, काही हृदयरुग्णांची नाडी कमी करायची असते. त्यांच्यासाठी इव्हाब्रॅडिन हे औषध आहे. ऑक्सफर्डमध्ये सापडलेल्या त्या प्रवाहाचाच मार्ग ते अंशतः बंद करतं, त्यामुळे स्नायूच्या आकुंचनाचा जोर न घटता फक्त ताल मंदावतो. ते घेणाऱ्या काहींना डोळ्यांसमोर क्षणभर प्रकाशाच्या चमका दिसतात, कारण नेत्रपटलातही त्याच जातीचे मार्ग आहेत. त्रास बहुधा सौम्य असतो आणि पुष्कळदा आपोआप जातो, पण रात्री गाडी चालवणाऱ्यांनी डॉक्टरांना याची कल्पना द्यावी.