मायक्रोकंट्रोलरने मेन्सचा दिवा मंद करणे: ट्रायॅक, झिरो क्रॉसिंग आणि वेळेचा हिशेब

पाच व्होल्टचा एलईडी मायक्रोकंट्रोलरने मंद करणे हा दुसऱ्या वर्षाच्या प्रयोगशाळेतला नेहमीचा प्रयोग आहे. पिनवर पीडब्ल्यूएम द्यायचे, ड्यूटी सायकल बदलायची, झाले. त्यामुळे २३० व्होल्टच्या दिव्यासाठी डिमर करायला घेतला की बरेच विद्यार्थी तोच प्रोग्रॅम उचलतात आणि मध्ये एक ट्रायॅक बसवतात. दिवा एक तर पूर्ण पेटतो, नाही तर वेडावाकडा लुकलुकतो. मग दोन दिवस कोडमध्ये चूक शोधली जाते. पण दोष कोडच्या ओळींत नसून ट्रायॅक कसा वागतो हे लक्षात न घेण्यात असतो.

ट्रायॅकच्या गेटवर छोटासा पल्स दिला की तो चालू होतो. बंद करणे मात्र आपल्या हातात नाही. त्यातून वाहणारा प्रवाह एका ठरावीक मर्यादेखाली, म्हणजे होल्डिंग करंटखाली गेला की तो आपोआप बंद होतो. आपल्याकडची मेन्स ५० हर्ट्झची आहे. प्रवाह दर १० मिलिसेकंदांनी शून्यावर येतो आणि ट्रायॅक सेकंदाला १०० वेळा स्वतःच बंद होतो. म्हणून प्रत्येक अर्धचक्रात आपल्याला एकच निर्णय घेता येतो: शून्यापासून किती वेळाने गेटला पल्स द्यायचा. लगेच दिला तर दिवा पूर्ण उजळतो, ५ मिलिसेकंदांनी दिला तर अर्धी शक्ती मिळते, ९ मिलिसेकंदांनी दिला तर जवळजवळ काहीच नाही. या पद्धतीला फेज कंट्रोल म्हणतात. मायक्रोकंट्रोलर इथे व्होल्टेज कमी करत नाही. तो फक्त वेळ मोजतो. पुढचे सगळे प्रश्न या एका गोष्टीतून निघतात.

शून्य कुठे आहे ते कळले पाहिजे

वेळ मोजायची तर सुरुवातीचा क्षण माहीत हवा. ‘अर्धचक्र १० मिलिसेकंदांचेच असते, मग आपल्या क्रिस्टलवरच मोजू’ असे कोणी म्हणेल. भारतीय ग्रिड कोडमध्ये वारंवारितेचा पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ असा दिला आहे. वारंवारिता ४९.९० असेल तर अर्धचक्र १०.०२ मिलिसेकंदांचे होते. दर अर्धचक्राला २० मायक्रोसेकंदांचा फरक साचत जातो आणि सुमारे पाच सेकंदांत तो एका पूर्ण अर्धचक्राएवढा होतो. परिणाम असा, की दिवा दर पाच सेकंदांनी हळूहळू मंद होतो आणि पुन्हा उजळतो. कॉलेज जनरेटरवर चालत असेल तर विचारायलाच नको. म्हणून प्रत्येक अर्धचक्रात शून्य नव्याने ओळखावे लागते.

त्याचे नेहमीचे सर्किट साधे आहे. फेज आणि न्यूट्रलमध्ये दोन ४७ किलोओहम रेझिस्टर मालिकेत, पुढे १एन४००७ च्या चार डायोडचा ब्रिज आणि ब्रिजच्या डीसी बाजूला पीसी८१७ या ऑप्टोकपलरचा आतला एलईडी. ऑप्टोकपलरचा ट्रान्झिस्टर पाच व्होल्टच्या बाजूला, १० किलोओहमच्या पुल-अपसह. एकच रेझिस्टर न वापरता दोन का, हे समजून घ्या. दोघांत मिळून सुमारे ०.५६ वॉट उष्णता तयार होते, म्हणजे प्रत्येकी ०.२८ वॉट. पाव वॉटचा रेझिस्टर इथे करपेल. अर्ध्या वॉटचा चालेल, एक वॉटचा असेल तर थंड राहील. शिवाय साध्या छोट्या रेझिस्टरला ३२५ व्होल्टचे शिखर एकट्याने पेलणे झेपत नाही. दोघांत ते वाटले जाते.

आता खरी गोम. मेन्सचे व्होल्टेज पुरेसे असेपर्यंत ऑप्टोचा एलईडी पेटलेला असतो आणि आउटपुट खाली असते. शून्याजवळ एलईडी विझतो, आउटपुट वर जाते आणि शून्य ओलांडल्यावर पुन्हा खाली येते. म्हणजे आपल्याला शून्याभोवती एक पल्स मिळतो. या पल्सच्या चढत्या कडेवर इंटरप्ट लावला की बहुतेक जण ‘झिरो मिळाला’ असे समजतात. पण ती कड शून्याच्या आधी येते. किती आधी, याचा हिशेब करू. १० किलोओहमच्या पुल-अपला आउटपुट खाली धरून ठेवायला ०.५ मिलिअँपिअर लागतो. ऑप्टोचा करंट ट्रान्सफर रेशो ५० टक्के धरला तर एलईडीमधून १ मिलिअँपिअर हवा. ९४ किलोओहममधून तेवढा प्रवाह यायला मेन्सवर सुमारे ९५ व्होल्ट असावे लागतात. ३२५ व्होल्टच्या साइन तरंगात ९५ व्होल्टपासून शून्यापर्यंत यायला ०.९४ मिलिसेकंद लागतात. म्हणजे आपला ‘झिरो’ खऱ्या शून्याच्या जवळजवळ एक मिलिसेकंद आधी येतो.

आता पूर्ण उजेडासाठी इंटरप्टनंतर ०.५ मिलिसेकंदांनी ट्रायॅक पेटवला, तर काय होते? तो आधीच्या अर्धचक्राच्या शेपटात पेटतो, ०.४४ मिलिसेकंदांनी शून्य येताच बंद होतो आणि पुढचे सगळे अर्धचक्र कोरडे जाते. नॉब पूर्ण फिरवल्यावर दिवा उजळण्याऐवजी विझायला लागला, तर ट्रायॅक बदलत बसू नका. हीच गोष्ट तपासा. उपाय सोपा आहे. खरे शून्य पल्सच्या मध्यावर असते. चढती आणि उतरती अशा दोन्ही कडांची वेळ नोंदवून पल्सची रुंदी सुरुवातीलाच मोजून ठेवा आणि तिचा निम्मा भाग प्रत्येक विलंबात मिळवा. मोठा पुल-अप वापरून पल्स अरुंद करता येतो, पण मग कडा संथ होतात. मला तरी रुंदी मोजणे अधिक पसंत आहे, कारण त्यात ऑप्टोच्या नगानगातला फरकही आपोआप धरला जातो.

पेटवण्याची बाजू

मायक्रोकंट्रोलर आणि ट्रायॅक यांच्यात ऑप्टो-ट्रायॅक लागतो. इथे दुकानदाराने ‘एकच आहे हो’ म्हणून एमओसी३०४१ दिला तर घेऊ नका. त्याच्या आत झिरो क्रॉसिंग सर्किट असते. तो फक्त शून्याजवळच पेटतो. हीटर चालू-बंद करायला तो उत्तम, पण अर्धचक्राच्या मध्यावर त्याला कितीही सिग्नल दिला तरी तो ऐकणार नाही. आपल्याला ‘रँडम फेज’ प्रकार हवा. एमओसी३०२१ सगळीकडे मिळतो, पण त्याची मर्यादा ४०० व्होल्ट आहे. मेन्स दहा टक्क्यांनी वर गेली तर शिखर ३५८ व्होल्टवर जाते, म्हणजे हाताशी फार थोडे उरते. ६०० व्होल्टचा एमओसी३०५२ मिळाला तर तोच घ्या. पाच व्होल्टच्या पिनवरून २२० ओहममधून त्याच्या एलईडीला सुमारे १७ मिलिअँपिअर मिळतात, ते पुरेसे आहेत. गेटच्या मार्गातला रेझिस्टर ३३० ते ३६० ओहमचा ठेवा.

ट्रायॅक म्हणून बीटी१३६-६०० स्वस्त आणि पुरेसा आहे. ६० वॉटचा बल्ब फक्त ०.२६ अँपिअर घेतो. मात्र त्याच्या पाठीची धातूची पट्टी आतून एमटी२ या टोकाला जोडलेली असते. हीटसिंक लावला तर त्या हीटसिंकवर थेट मेन्स असते, आणि हात लागणारा पहिला भाग तोच असतो. बीटीए मालिकेतल्या ट्रायॅकची पट्टी इन्सुलेटेड असते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात मी चार रुपये जास्त देऊन तेच वापरायला सांगतो.

टायमर आणि तक्ता

अ‍ॅटमेगा३२८ वर १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि टायमर-१ ला ६४ चा प्रीस्केलर घेतला तर एक टिक ४ मायक्रोसेकंदांची होते आणि अर्धचक्रात २५०० टिका बसतात. इंटरप्टच्या आत डिले फंक्शन लिहू नका. तसे केले तर बटण वाचणे, डिस्प्ले दाखवणे सगळे थांबते. झिरोच्या इंटरप्टमध्ये टायमर शून्य करा, कम्पेअर-ए मध्ये विलंब भरा आणि कम्पेअर-बी मध्ये त्याहून २५ टिका जास्त. ए आला की गेटची पिन वर, बी आला की खाली. १०० मायक्रोसेकंदांचा पल्स तयार.

यात एक सापळा आहे. विलंब फार मोठा ठेवला तर बी ची वेळ येण्याआधीच पुढचा इंटरप्ट येतो, टायमर शून्य होतो आणि पिन वरच राहते. मग पुढचे अर्धचक्र सुरुवातीपासून पेटते. म्हणजे सर्वांत मंद सेटिंगवर दिवा एकदम लख्ख होतो. म्हणून इंटरप्टची पहिली ओळ ‘गेटची पिन खाली’ हीच असू द्या, विलंबाला ८.५ मिलिसेकंदांची मर्यादा घाला आणि शून्य टक्क्यांसाठी पल्स देऊच नका. तसेच टायमर २००० टिकांच्या आत असताना आलेला इंटरप्ट दुर्लक्षित करा. ट्रायॅक पेटताना स्वतःच जो गोंगाट करतो, त्याने खोटे झिरो येतात. हाच गोंगाट जवळच्या रेडिओवर मीडियम वेव्हला आकाशवाणी लावली तर खरखर म्हणून ऐकू येतो. तो कमी करायला दिव्याच्या मालिकेत चोक घालतात.

नॉबचे टक्के थेट वेळेत बदलले तर नॉब विचित्र वागतो, कारण शक्ती वेळेच्या समप्रमाणात नसते. विलंब भागिले १० मिलिसेकंद याला क्ष म्हटले, तर साध्या तंतूच्या बल्बसाठी

शक्तीचे प्रमाण = १ − क्ष + साइन(२ × पाय × क्ष) ÷ (२ × पाय)

२.५ मिलिसेकंदांवर, म्हणजे पाव अर्धचक्र वाया घालवूनही, ९१ टक्के शक्ती उरते. ७.५ वर फक्त ९ टक्के. नव्वद टक्क्यांपासून दहा टक्क्यांपर्यंतचा सगळा प्रवास २.५९ ते ७.४१ मिलिसेकंदांच्या दरम्यान होतो आणि नॉबची उरलेली निम्मी फिरकी जवळजवळ वाया जाते. म्हणून १०१ नोंदींचा तक्ता संगणकावर काढून प्रोग्रॅम मेमरीत ठेवा. समीकरण उलटे सोडवता येत नाही, पण बायसेक्शनने चार ओळींत काम होते. ७५ टक्क्यांसाठी ३.६८ आणि २५ टक्क्यांसाठी ६.३२ मिलिसेकंद आले, तर तक्ता बरोबर आहे.

पडताळणी करताना मल्टिमीटरवर लगेच विश्वास ठेवू नका. ५ मिलिसेकंदांच्या विलंबाला खरे आरएमएस व्होल्टेज १६३ असते. स्वस्त मीटर सरासरी मोजून त्याला एका स्थिर आकड्याने गुणतो, आणि तो साधारण ११५ दाखवेल. यात सर्किटचा काही दोष नसतो. ‘ट्रू आरएमएस’ लिहिलेला मीटर शोधा.

आधी २४ व्होल्टवर

या प्रकल्पात चूक झाली तर फक्त आयसी जळत नाही, जीव जाऊ शकतो. म्हणून सगळे सर्किट आधी कमी व्होल्टेजवर चालवा. १२-०-१२ ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांमध्ये २४ व्होल्ट एसी मिळते, आणि ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात ट्रकचा २४ व्होल्ट, ५ वॉटचा बल्ब मिळतो. झिरो सर्किटमधले ४७ किलोओहमचे दोन रेझिस्टर काढून ४.७ किलोओहमचे लावा. इंटरप्ट, तक्ता, नॉब, सगळे इथेच तपासून घ्या. पूर्ण उजेड मिळणार नाही, कारण गेटला लागणारा प्रवाह कमी व्होल्टेजवर उशिरा उभा राहतो. तेवढे सोडून द्या. २३० वर जाण्यापूर्वी रेझिस्टर न विसरता परत बदला. विसरलात तर त्या दोघांत साडेपाच वॉट जिरतील आणि धूर निघेल.

मेन्सवर ब्रेडबोर्ड वापरायचा नाही. पट्ट्यांमधले अंतर फार कमी असते आणि तारा सहज निसटतात. पीसीबीवर मेन्सची बाजू आणि पाच व्होल्टची बाजू यांत निदान ६ मिलिमीटर मोकळी जागा ठेवा, ऑप्टोच्या पोटाखालून एकही ट्रॅक नेऊ नका. फेजमध्ये फ्यूज आवश्यकच. ऑसिलोस्कोपच्या प्रोबचा क्लिप अर्थला जोडलेला असतो. तो मेन्सच्या बाजूला लावणे म्हणजे फेज अर्थला टेकवणे. काही ठिकाणी यावर तोडगा म्हणून स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकतात. तसे केल्यावर स्कोपच्या धातूच्या कव्हरवरच मेन्स येऊ शकते. तरंग पाहायचाच असेल तर डिफरेन्शियल प्रोब वापरा, नाही तर २४ व्होल्टवर पाहा. आणि दिवा विझलेला दिसला तरी प्लग काढल्याशिवाय होल्डरला हात नको: ‘बंद’ ट्रायॅकमधूनही थोडा प्रवाह गळत असतो.

एलईडी बल्ब लावला तर

वरचा सगळा हिशेब तंतूच्या बल्बचा. घरातल्या साध्या एलईडी बल्बच्या आत रेक्टिफायर आणि कपॅसिटर असतो. ट्रायॅक मध्येच पेटला की तो कपॅसिटर एकदम भरतो, दर अर्धचक्राला प्रवाहाचा झटका बसतो, आणि मग प्रवाह होल्डिंग मर्यादेखाली जाऊन ट्रायॅक अवेळी बंद पडतो. म्हणून तो लुकलुकतो आणि लवकर मरतो. ‘डिमेबल’ छापलेलाच बल्ब घ्या. पंख्यासाठी ट्रायॅकच्या दोन टोकांत रेझिस्टर-कपॅसिटरचा स्नबर लावतात. त्यात ०.१ मायक्रोफॅरड घातला तर ट्रायॅक बंद असतानाही सुमारे ७ मिलिअँपिअर वाहतात, आणि तेवढ्यात एलईडी बल्ब रात्रभर अंधुक पेटलेला दिसतो. ०.०१ मायक्रोफॅरडने गळती दहा पट कमी होते.

एलईडीसाठी मुळात अधिक योग्य पद्धत उलटी आहे: शून्यावर चालू करायचे आणि मध्येच तोडायचे. ट्रायॅकला ते जमत नाही. पाठीला पाठ लावलेले दोन मॉसफेट लागतात आणि त्यांच्या गेटसाठी वेगळा आयसोलेटेड पुरवठा लागतो. कोड मात्र जवळपास तोच राहतो. शून्यावर पिन वर, कम्पेअर-ए वर खाली. तक्ताही नवा काढायला नको, कारण तरंग अर्धचक्राच्या मध्याभोवती सममित आहे: जुन्या विलंबाऐवजी ‘१० मिलिसेकंद उणे तो विलंब’ भरला की पुरते.