विमानाचे दोन तास आणि आपला अख्खा दिवस



मोबाइलवर दोन विमानतळांची नावं टाकली की लगेच उत्तर येतं : अंतर इतके किलोमीटर, उड्डाणाला इतका वेळ. हा आकडा येतो कुठून आणि त्यावर किती विसंबायचं, ते आज समजून घेऊ. माहेरी आई अत्यवस्थ असेल किंवा गटाच्या पैशातून प्रदर्शनाला जायचं असेल, तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

आपल्याच राज्याची दोन टोकं घेऊ. पूर्वेला गोंदियाजवळचा बिरसी विमानतळ. दक्षिण कोकणात वेंगुर्ले तालुक्यातला चिपी विमानतळ, जो ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. दोन्हींमधलं हवाई अंतर साधारण ९४० किलोमीटर आहे. हवाई अंतर म्हणजे नकाशावर दोरा ताणून मोजलेलं सरळ अंतर. दोऱ्याला घाट आडवा येत नाही की पूल शोधावा लागत नाही. रस्त्यानं हेच अंतर हजार किलोमीटरच्या पुढे जातं.

आता वेळ. छोट्या विमानतळांवर बरेचदा पंख्याचं, सुमारे सत्तर आसनांचं विमान येतं. ते ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं. ९४० भागिले ५००, म्हणजे पावणेदोन तासांहून थोडं जास्त. चढण्या-उतरण्याचा अर्धा तास धरला की झाले जवळजवळ अडीच तास. मोठं जेट विमान असेल तर पावणेदोन तास. मोबाइल एवढाच भागाकार करतो. त्या मार्गावर विमान आहे की नाही, हे तो पाहत नाही!

गोंदियाहून चिपीला थेट विमान नाही. मध्ये मोठ्या शहरात विमान बदलावं लागतं. त्यात गावापासून विमानतळापर्यंतचा प्रवास, दोन तास आधी पोहोचणं, मधला थांबा आणि उतरल्यावर पुढची गाडी मिळवा. पहाटे निघालेली बाई रात्री पोहोचली तरी लवकर म्हणायचं. तरीही रेल्वेपेक्षा वेळ वाचतो. महाराष्ट्र एक्सप्रेसनं गोंदिया ते कोल्हापूर जायलाच एका दिवसाहून जास्त लागतो, आणि पुढे एस.टी.नं घाट उतरायचा.

छोट्या विमानतळांवरची विमानं बंद का पडतात, हेही सांगतो. २०१६ साली केंद्र सरकारनं ‘उडान’ योजना आणली. तिच्यात ठरावीक मार्गांवर कंपनीला तीन वर्षं अनुदान मिळतं. ते संपलं आणि प्रवासी कमी असले की मार्ग बंद होऊ शकतो. म्हणून गेल्या वर्षी कुणी गेलं होतं, यावर विसंबू नका.

तिकीट काढण्याआधी चार गोष्टी विचारा :

१. आपल्याला हव्या त्या वारी विमान आहे का?

२. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत का? वेगवेगळी तिकिटं असली आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर दुसऱ्याचे पैसे सहसा बुडतात.

३. सामान किती किलो चालतं? पापड-लोणच्याची खोकी असतील तर जादा भाडं आधीच मोजा.

४. जवळ दुसरा विमानतळ आहे का? गोंदियाकरांना नागपूर आहे, सावंतवाडीकरांना गोव्यातलं मोपा. तिथून विमानं जास्त सुटतात.

पुढच्या बैठकीत वहीवर घर ते घर असा हिशोब मांडून पाहा. खरा प्रवास तेवढा असतो.