चार हजारांच्या एक मीटर अलीकडे

मागच्या आठवड्यात चटई निर्देशांक, म्हणजे बोलीतला एफएसआय, कसा मोजतात ते पाहिले. आज तो ठरवणाऱ्या नियमावलीतले एक कलम पाहू. ते लिहिले गरिबांसाठी, पण बारकाईने वाचले बिल्डरांनी.

मुंबई आणि काही खास क्षेत्रे सोडली तर महाराष्ट्रातल्या शहरांना डिसेंबर 2020 पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. दहा लाखांवर वस्ती असलेल्या महापालिकांत, म्हणजे पुणे, नाशिक, नागपूर, ठाणे अशा शहरांत, 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प आला, की मूळ एफएसआयच्या 20 टक्के बांधकाम दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावे लागते. घरे 30 ते 50 चौरस मीटरची, वाटप म्हाडामार्फत. म्हाडाच्या सोडतीत '20 टक्के योजना' म्हणून दिसतात ती हीच घरे. तरतूद मुळात 2013 मधली.

आता हिशेब करा. मूळ एफएसआय 1.1 धरला तर 4,000 मीटरच्या भूखंडावर 4,400 मीटर बांधकाम होते. त्याचे 20 टक्के 880, म्हणजे 40 मीटरची 22 घरे. आणि भूखंड 3,999 मीटरचा निघाला तर? शून्य. एका मीटरसाठी 22 घरांचा फरक पडत असेल, तर सातबाऱ्यावर पोटहिस्से पाडायला कोण मागे राहील? नाशिकमध्ये नेमका हाच आरोप झाला आणि 2022 साली तो विधान परिषदेत गाजला. कोणी काय केले ते चौकशीत ठरेल. मला दोष दिसतो तो या रेषेचा. सूट पायरीपायरीने कमी होत गेली असती, तर जमिनीचे तुकडे पाडण्यात कोणाला रस उरला नसता.

पण सगळी 20 टक्के घरे प्रामाणिकपणे मिळाली तरी गरज भागणार नाही. खरी अडचण गल्लीत आहे. रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असला की प्रीमियम, म्हणजे पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय नाही, टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून हस्तांतरित होणारा बांधकामाचा हक्कही नाही. 30 मीटर रस्त्यावर एकूण एफएसआयचे गणित 3 पर्यंत जाते. पाणी, शाळा, बस सगळे आधीपासून असलेल्या जुन्या वस्तीत माणसे वाढवायला नियमांची ना, आणि हमरस्त्यावरच्या टॉवरला हो. पुण्यात 6 मीटरचे रस्ते कागदोपत्री 9 मीटर करण्यावरून 2020 मध्ये केवढा वाद रंगला होता! गल्लीत अग्निशमनाचा बंब शिरला पाहिजे, हा आक्षेप खोटा नाही. मात्र तो इमारतीच्या उंचीचा प्रश्न आहे. चार मजल्यांना आणि चौदा मजल्यांना एकच माप का?

जिथे जादा एफएसआय मिळतो, तिथे तो विकत घ्यावा लागतो. दर रेडी रेकनरशी बांधलेला, म्हणून जमीन महाग तिथे प्रीमियमही महाग, आणि ही रक्कम शेवटी फ्लॅटच्या किमतीतच येऊन बसते. तिजोरीला या पैशाची चटक लागली आहे. सुधारणा अडते ती बहुधा इथेच.

मग सोडतीत नंबर न लागलेला रिक्षावाला, गवंडी, कंपनीतला कंत्राटी कामगार शहराबाहेर शेतजमिनीतला एक गुंठा घेतो, 1,089 चौरस फूट. नकाशा मंजूर नाही, बँक कर्ज देत नाही. 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला आणि 2021 मध्ये त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली. आधी नाकारायचे आणि वीस वर्षांनी शुल्क घेऊन माफ करायचे, हेच आपले परवडणाऱ्या घरांचे खरे धोरण ठरले आहे.

याउलट न्यूझीलंडच्या ऑकलंडने 2016 मध्ये सुमारे तीन चतुर्थांश निवासी जमिनीवर जास्त दाट बांधकामाला मुभा दिली. 2022 मध्ये तिथे वर्षाला 20 हजारांहून अधिक घरांना परवानगी मिळत होती.

आपल्याकडे निदान दोन बदल व्हावेत. हजार मीटरपासून थोड्या टक्क्यांनी सुरू होऊन वाढत जाणारा वाटा असावा, आणि अरुंद रस्त्यावरच्या, उंचीची मर्यादा पाळणाऱ्या छोट्या घरांना प्रीमियम माफ असावा. नियमावलीत फेरबदल करायचा तर नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली हरकती-सूचनांसाठी एक महिन्याची नोटीस निघते. बिल्डरांच्या संघटना त्या महिन्यात लेखी निवेदने देतात. तुमच्या शहराची नोटीस निघाली की तुमच्या सोसायटीचेही एक पत्र जाऊ द्या.