ऊन कामाला लागते



एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी संग्रामपूरच्या एखाद्या मोहल्ल्यातून चक्कर मारा. रस्त्यावर माणूस दिसणार नाही. पण गच्चीवर आणि अंगणातल्या खाटांवर कामे चाललेली दिसतील. एका खाटेवर लाल मिरच्या, दुसरीवर कुरड्या, तिसरीवर शेवया. घरातील बायका सकाळी त्या पसरून ठेवतात आणि संध्याकाळी गोळा करतात. मधले सारे काम ऊन करते, आणि त्याचे बिल कोणाच्या घरी येत नाही.

सूर्यापासून मिळणाऱ्या या शक्तीला मराठीत 'सौर ऊर्जा' म्हणतात. उर्दूत तुम्ही तिला 'शम्सी तवानाई' म्हणता. 'शम्स'पासून 'शम्सी', तसे 'सूर्य'पासून 'सौर'. एवढे लक्षात ठेवले की हा शब्द कधी विसरणार नाही.

सूर्य आपल्यापासून सुमारे 15 कोटी किलोमीटर दूर आहे. तेथे हायड्रोजनचे अणू एकमेकांत मिसळून हेलियम तयार होतो आणि त्यातून प्रचंड ऊर्जा बाहेर पडते. ती आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. निरभ्र दुपारी एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर साधारण एक हजार वॅट इतकी ऊर्जा पडते. एक खाट उन्हात टाकली तर तिच्यावर इस्त्री चालेल एवढी शक्ती सांडत असते!

एकदा वर्गात एका मुलाने मला विचारले, "सर, आपल्याकडे पारा 45 अंशांपर्यंत जातो. मग सौर वीजही उन्हाळ्याच्या दुपारीच सर्वांत जास्त तयार होत असेल ना?" प्रश्न चांगला होता. पुष्कळ मोठी माणसेही असेच समजतात. पण उत्तर 'नाही' असे आहे. का, ते समजण्यासाठी उन्हाचा उपयोग करण्याच्या दोन रीती समजून घ्याव्या लागतील. पहिल्या रीतीत उन्हापासून उष्णता घेतात. दुसऱ्या रीतीत त्यापासून थेट वीज घेतात.

पहिली रीत सोपी आहे. काळी वस्तू ऊन शोषून घेते व तापते. तिच्यावर काच ठेवली, तर ऊन आत जाते, पण आतील उष्णता सहज बाहेर पडत नाही. सौरचूल म्हणजे अशीच एक पेटी. आतून काळी, वर काच, आणि झाकणाला आरसा. तिच्यात डाळ-भात दोन-तीन तासांत शिजतो. मात्र पोळी भाजता येत नाही आणि फोडणीही देता येत नाही, म्हणून आपल्या घरांत ती फारशी रुळली नाही. जास्त उष्णता हवी असेल तर खोलगट आरशाने ऊन एका ठिकाणी गोळा करावे लागते. अशा आरशांवर सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न अल हैसम या शास्त्रज्ञाने पुस्तिका लिहिली होती. आणि आपल्या महाराष्ट्रात, शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात 2009 साली असे 73 मोठे आरसे बसवण्यात आले. त्यांच्या उष्णतेने पाण्याची वाफ करून त्या वाफेवर हजारो लोकांचे जेवण शिजवण्याची सोय झाली.

दुसऱ्या रीतीसाठी लागते ती सोलरची प्लेट. ती तुम्ही शेतात, गच्चीवर किंवा रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर पाहिली असेल. तिच्यात सिलिकॉनच्या पातळ चकत्या असतात. सिलिकॉन वाळूपासून मिळते. प्रकाश या चकतीवर पडला की तिच्यातील इलेक्ट्रॉन जागचे हलतात व एका दिशेने वाहू लागतात. इलेक्ट्रॉनचे वाहणे म्हणजेच वीज. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1954 साली अशी उपयोगी चकती प्रथम दाखवण्यात आली. तेव्हा ती उन्हातील फक्त सहा टक्के ऊर्जेची वीज करत असे. आजच्या प्लेटा साधारण वीस टक्के करतात.

येथे त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. प्लेटेला हवा असतो प्रकाश. उष्णता तिला बाधते. प्लेटेची शक्ती तिचे तापमान 25 अंश धरून मोजलेली असते. त्यापुढे दर अंशाला वीज साधारण 0.4 टक्क्याने घटते. मे महिन्यात आपल्याकडे प्लेट 65 अंशांपर्यंत तापू शकते. म्हणजे 40 अंश जास्त. हिशेब करा, सुमारे 16 टक्के वीज कमी! म्हणून फेब्रुवारीतल्या निरभ्र, गार दुपारी तीच प्लेट मेपेक्षा अधिक वीज देऊ शकते.

प्लेट कोठे व कशी बसवावी, हे तुम्हांला नमाजच्या वेळांवरूनही समजेल. जवालची वेळ तुम्हांला माहीत आहे. त्या वेळी सूर्य सर्वांत उंच असतो आणि सावली सर्वांत आखूड असते. आपल्या भागात ही वेळ साधारण बारा ते साडेबाराच्या आसपास येते. प्लेट तेव्हाच सर्वांत जोरात चालते. असरपर्यंत सावल्या लांबतात आणि वीजही उतरत जाते. संग्रामपूर सुमारे 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. (मक्का शहरही जवळपास त्याच अक्षांशावर आहे, नकाशात पाहा.) वर्षातील बहुतेक महिने दुपारचा सूर्य आपल्या दक्षिणेला असतो, म्हणून प्लेटेचे तोंड दक्षिणेकडे करतात.

प्लेटेवर सावली मात्र पडू देऊ नये. थोडीशी सावलीही महागात पडते. विहिरीपासून घरापर्यंत दहा माणसे रांगेत उभी राहून हातोहात घागरी देत आहेत, असे समजा. त्यांतला एक जण झोपी गेला तर सगळी रांग अडते. प्लेटेतील चकत्याही अशाच रांगेत जोडलेल्या असतात. कडुनिंबाच्या एका फांदीची सावली किंवा धुळीचा जाड थर त्यांतल्या काहींना झोपवतो. म्हणून दर आठवड्याला सकाळी, प्लेट तापण्याआधी, ती साध्या पाण्याने व मऊ कापडाने पुसावी.

आता शेताकडे चला. शेतीच्या पंपाला वीज कधी दिवसा, तर कधी रात्री मिळते. रात्री पाळी आली की शेतकऱ्याला अंधारात, विंचू-सापांच्या भीतीत ओलिताला जावे लागते. सौर पंपाने हे टळते. तीन अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे तीन हजार वॅटच्या प्लेटा लागतात. राज्य शासनाने 2024 साली 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना सुरू केली. तिच्यात सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीचा दहा टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के वाटा भरायचा असतो. या पंपाला बॅटरी लागत नाही. दिवसा पाणी काढून टाकीत किंवा शेततळ्यात साठवले, की झाले.

पण आपल्या तालुक्यात एक गोष्ट विसरून चालणार नाही. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी गोडे पाणी आहे. दक्षिणेला पूर्णा नदीकडे जावे तसा खारपाणपट्टा लागतो. हा पट्टा बुलढाणा, अकोला आणि अमरावती या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. तेथील खारे पाणी पिकाला दिले तर काळी जमीन घट्ट होते, खराब होते. पंप विजेचा असो की उन्हाचा, जमिनीत खारे पाणी असेल तर तो खारेच वर आणील. ऊन फुकट आहे म्हणून दिवसभर पंप चालू ठेवणाऱ्यांची मला काळजी वाटते.

खाऱ्या पाण्याने सौर उपकरणांचेही नुकसान होते. माझ्या ओळखीच्या एका घरी सौर दिव्यांची बॅटरी होती. अशा बॅटरीत ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे वाफेपासून केलेले शुद्ध पाणी घालायचे असते. घरातल्या मुलाने बोअरचे पाणी भरले. काही दिवसांतच बॅटरी कामातून गेली आणि परीक्षेच्या दिवसांत त्या घरात पुन्हा चिमणी पेटली. पाणी तापवण्याच्या सौर बंबातही असे पाणी क्षाराचे थर जमवते आणि मग पाणी नीट तापत नाही.

गंमत अशी की खाऱ्या पाण्याचे गोडे पाणीही ऊनच करते. समुद्राचे पाणी तापून त्याची वाफ होते, मीठ खाली राहते आणि पाऊस गोडा पडतो. हेच काम काचेखाली करता येते. दक्षिण अमेरिकेत चिली देशात, लास सालिनास येथे शोऱ्याच्या खाणी होत्या. तेथे 1872 साली लाकडी हौदांवर काचा बसवून खाऱ्या पाण्यापासून दिवसाला वीस हजार लिटरहून अधिक गोडे पाणी काढत. त्यासाठी हौद मात्र एक एकराहून जास्त जागेवर पसरले होते. एक चौरस मीटरमधून दिवसाला तीन-चार लिटर मिळाले तरी पुष्कळ. एवढ्या पाण्याने पिण्याची किंवा बॅटरीची गरज भागते. पिकाची भागत नाही, कारण एका एकराला एकदा पाणी द्यायला लाख-दोन लाख लिटर लागतात.

येत्या सुटीत तुम्ही घरीच हे करून पाहा. एका मोठ्या परातीत पिण्याचे स्वच्छ पाणी घ्या आणि त्यात दोन चमचे मीठ विरघळवा. मधोमध एक जड, रिकामी वाटी ठेवा. वाटीत पाणी जाऊ देऊ नका. परातीवर पारदर्शक प्लास्टिक थोडे सैल ठेवून बांधा आणि वाटीच्या बरोबर वर एक छोटा खडा ठेवा, म्हणजे प्लास्टिक तेथे खाली वाकेल. परात सकाळी उन्हात ठेवा. दुपारी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसतील. ते घरंगळत खड्याकडे येतील व वाटीत पडतील. मगरिबच्या आधी प्लास्टिक काढा. वाटीतले थोडे पाणी जिभेवर ठेवून पाहा, आणि मग परातीतले.