हुकूम, आदेश आणि सूचना

सौंसर तालुक्यातील जामसांवली हे गाव निद्रिस्त हनुमंताच्या देवस्थानामुळे दूरवर प्रसिद्ध आहे. पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतीच्या दर्शनाला विदर्भातून येणाऱ्या भाविकाला तेथे आपण दुसऱ्या राज्यात आलो असे सहसा वाटत नाही. कारण घरात, बाजारात, शेताच्या बांधावर त्याला मराठीच ऐकू येते. परंतु याच गावातील शेतकऱ्याच्या हाती सरकारी कागद पडतो तो हिंदीत. १९५६ च्या १ नोव्हेंबरपूर्वी या मुलखाची राजधानी नागपूर होती. राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले आणि राजधानी भोपाळला गेली. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा नवा जिल्हा निघाला व सौंसर त्यात आले. राज्य, राजधानी, जिल्हा, सारे बदलले. लोकांची बोली मात्र बदलली नाही. म्हणून सरकारी आज्ञांच्या शब्दांचा विचार करावयास हे ठिकाण फार उपयुक्त आहे.

मराठीत 'अमुक कर' असे सांगण्याला अनेक शब्द आहेत, परंतु ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. 'आज्ञा' या शब्दात वडीलधारेपण आहे. ती आई-वडिलांची, गुरूची, देवाची असते. ख्रिस्ती धर्मग्रंथातही दहा 'आज्ञा'च आहेत, दहा 'हुकूम' नाहीत. आज्ञा पाळावयाची ती आदराने. 'हुकूम' अरबी भाषेतून फारसीच्या वाटेने आला व त्याच्यामागे सत्तेचे बळ आहे. हुकूम सुटतो आणि तो मोडला तर शिक्षा होते. 'फर्मान' हे बादशहाचे. बादशाही गेल्यावर हा शब्द थट्टेपुरता उरला असून, घरातील कर्त्या माणसाने अचानक काही फर्मावले की 'फर्मान सुटले' असे आपण म्हणतो. 'फतवा' हा मुळात धर्मशास्त्रज्ञाने दिलेला अभिप्राय. मराठीत मात्र तो जुलमी हुकुमाचा पर्याय होऊन बसला आहे.

राज्यकारभारातील शब्द बदलण्याचा प्रयत्न नवा नव्हे. शिवछत्रपतींच्या काळी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला व त्यात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. स्वातंत्र्यानंतर नागपूर ही राजधानी असतानाच डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंवरून शासनाची परिभाषा घडविली. 'हुकूम' मागे सरून 'आदेश' पुढे आला तो याच प्रवाहातून. तरीही जुने शब्द हटले नाहीत. न्यायालयाचा 'मनाई हुकूम' आणि दिवाणी दाव्याचा 'हुकूमनामा' मराठीत आजही चालतात.

आता कार्यालयातून निघणाऱ्या कागदांचे प्रकार पाहू. 'आदेश' हा बहुधा विशिष्ट व्यक्तीस वा विशिष्ट प्रकरणास लागू असतो आणि कायद्याने तरतूद केली असेल तेथे त्यावर अपील करता येते. 'परिपत्रक' हे वरिष्ठ कार्यालयाने आपल्या हाताखालील कार्यालयांना कामाची पद्धत सांगण्यासाठी काढलेले पत्र होय. ते कायद्यावर मात करू शकत नाही. 'अधिसूचना' राजपत्रात प्रसिद्ध होते आणि ती सर्वांना उद्देशून असते. 'अध्यादेश' हा नावाने आदेशाचा भाऊबंद वाटला, तरी प्रत्यक्षात तो तात्पुरता कायदाच आहे. विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना राज्यपाल तो काढतात आणि विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याला संमती मिळाली नाही तर तो संपतो. यांपैकी कोणत्याही कागदाला सरसकट 'जी. आर.' म्हणण्याची सवय महाराष्ट्रात आहे. ती सोयीची खरी, पण घातक आहे. कागदाचा प्रकार चुकला की दाद मागण्याचे ठिकाणही चुकते.

'सूचना' हा शब्द तर विशेष नाजूक आहे. 'सूचना देणे' आणि 'सूचना करणे' यांत मराठी माणूस सहज भेद करतो. अधिकारी सूचना देतो, ती पाळावी लागते. सभासद सूचना करतो, ती मानावी वा न मानावी. पण जामसांवलीच्या शेतकऱ्यापुढे तिसराच अर्थ उभा राहतो. हिंदीत 'सूचना' म्हणजे माहिती. मराठीतील 'माहितीचा अधिकार' हा तेथे 'सूचना का अधिकार' होतो.

लिपी एक, शब्दही एक आणि अर्थ मात्र निराळा, हीच सीमेवरील खरी अडचण आहे. अगदी परकी भाषा असती तर माणूस कोणाला तरी विचारता. येथे आपल्याला समजले असे त्याला वाटते आणि तेथेच तो फसतो. समजा, जमिनीच्या नोंदीसंबंधी जाहीर नोटिशीत लिहिले आहे की, कोणास 'आपत्ति' असल्यास अमुक तारखेपर्यंत सादर करावी. मराठी मनाला आपत्ती म्हणजे पूर, दुष्काळ, आग. आपल्यावर तसे काही कोसळलेले नाही म्हणून तो स्वस्थ बसतो. पण हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत! मुदत टळते, हरकत आली नाही असे धरून नोंद होते आणि मग खरोखरीची आपत्ती ओढवते. उलट, आपण म्हणतो ती 'हरकत' हिंदीत खोडी ठरते. तेथील 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती, आपले संशोधन म्हणजे नवा शोध. तेथील 'शिक्षा' शाळेत मिळते, आपली न्यायालयात. तेथे कोटवार 'मुनादी' करतो, इकडे दवंडी पिटतात. सुदैवाने दोन्हींचा आवाज सारखाच ऐकू येतो.

या अडचणीचा विचार राज्यघटनेने केलेला आहे. अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी १९५६ साली केंद्र सरकारने जे निवेदन तयार केले, त्यात जिल्ह्यात वा तहसिलीसारख्या लहान क्षेत्रात शेकडा १५ ते २० लोक अल्पसंख्य भाषा बोलत असतील, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत असे तत्त्व मान्य केले आहे. परंतु हक्क कागदावर असून भागत नाही. तो मागावा लागतो.

तोपर्यंत नागरिकाने प्रत्येक सरकारी कागद हाती येताच चार गोष्टी पाहाव्यात. तो कोणी काढला? कोणाला उद्देशून काढला? कोणत्या कायद्याच्या आधारे काढला? आणि उत्तराची किंवा अपिलाची शेवटची तारीख कोणती? एखाद्या शब्दाच्या अर्थाबद्दल शंका असल्यास सही वा अंगठा करण्यापूर्वी विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. लिहिणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे. आदेश हा पाळला जावा म्हणून काढावयाचा असतो, आणि ज्याला तो कळला नाही त्याच्याकडून तो पाळला जाण्याची अपेक्षा धरणे न्यायाचे होत नाही.