संशोधनातील उमेदवारी

जबलपूर शहरातील गोहलपूर ही दाट वस्तीची आणि कष्टकरी माणसांची पेठ आहे. जबलपूरचा तयार कपड्यांचा, विशेषतः सलवार-सूटचा, व्यापार प्रसिद्ध आहे. त्या धंद्याचे समूहकेंद्र गोहलपुरातच, लेमा गार्डन भागात, उभारण्यात आले आहे. अशा धंद्यात शिरणारा मुलगा प्रथम काजे-बटणे करतो, मग शिलाईला बसतो, मग कापड बेतायला शिकतो. परंतु तेवढेच शिकतो असे नाही. कापड कोठून येते, कोणता काट खपतो, मजुरी कशी ठरते, उधारी कोणाला द्यावी आणि कोणाला देऊ नये, हेही त्याच्या कानांवर रोज पडत असते. उमेदवारी संपते तेव्हा त्याला केवळ शिवण येत नसते. धंदा येत असतो.

गोहलपुराहून आधारतालच्या बाजूस गेले की दुसऱ्या प्रकारची उमेदवारी चाललेली दिसते. आधारताल हे नाव राणी दुर्गावतीचा मंत्री आधारसिंह याच्यावरून पडले, असे परंपरा सांगते. येथे १ ऑक्टोबर १९६४ रोजी स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे. जवळच महाराजपूर येथे, १९८९ साली आरंभ झालेली, तणांच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. शहराच्या इतर भागांत १९५६ साली स्थापन झालेले आणि आज राणी दुर्गावतीचे नाव धारण करणारे विद्यापीठ आहे. आदिवासींच्या आरोग्यासंबंधी संशोधन करणारी १९८४ सालची संस्था आहे. उष्णकटिबंधीय वनांचा अभ्यास करणारी १९८८ सालची संस्था आहे. आणि २००५ साली निघालेली, अभिकल्पन व उत्पादन यांवर भर देणारी माहिती तंत्रज्ञानाची संस्था आहे. या सर्व ठिकाणी पदव्युत्तर आणि डॉक्टरेटचे विद्यार्थी ऐन तारुण्याची वर्षे घालवीत असतात. प्रयोग कसा मांडावा, आकडे कसे तपासावेत, प्रबंध कसा लिहावा, हे ते शिकतात. मात्र प्रबंध स्वीकारला गेल्यावर पुढे काय, हा प्रश्न पुष्कळांना प्रबंध बांधून हाती आल्यानंतरच पडतो. शिवण येते, धंदा येत नाही, अशी त्यांची स्थिती होते.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी थोडे मागे पाहिले पाहिजे. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले आणि सागरचे विद्यापीठ १९४६ साली. त्या काळी उच्च पदवीधरांची संख्या अगदी थोडी होती. शिक्षणाचा विस्तार होत होता, नवी महाविद्यालये निघत होती, आणि डॉक्टरेट मिळविणाऱ्यास अध्यापकाची जागा जणू वाट पाहत असे. त्यामुळे डॉक्टरेट म्हणजे प्राध्यापकी हे समीकरण लोकांच्या मनात रुजले. परिस्थिती पालटली, पण समीकरण राहिले. आज संशोधकांची संख्या वाढली आहे. विद्यापीठांतील कायम जागा त्या प्रमाणात वाढलेल्या नाहीत. ही अवस्था केवळ भारताची नाही. युरोप-अमेरिकेतही डॉक्टरेटनंतर दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या नेमणुकांवर एका प्रयोगशाळेतून दुसरीत जाणारे संशोधक पुष्कळ आहेत. पदवी आहे, परंतु पद नाही, असा हा मधला काळ लांबत जातो. घरी वडीलधारी माणसे ‘अजून शिक्षणच चालू आहे का?’ असे विचारीत असतात, आणि तिशी ओलांडलेल्या माणसाला त्याचे उत्तर देणे जड जाते.

म्हणून मूळ प्रश्न असा की, डॉक्टरेटच्या उमेदवारीत माणूस नेमके काय कमावतो? एका अरुंद विषयाची माहिती कमावतो असे मानले, तर त्या विषयाची जागा निघेपर्यंत थांबण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. परंतु तो एक कार्यपद्धती कमावतो असे मानले, तर त्याच्यापुढील वाटा पुष्कळ होतात. यांतील दुसरे मत अधिक खरे आहे, हे जबलपूरच्याच एका उदाहरणावरून दाखविता येईल.

सोयाबीन हे पीक आज विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या जीवनाचा आधार झाले आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी मात्र मध्य भारतातील काळ्या जमिनीचे पुष्कळ रान खरिपात पडीक राही. १९६० नंतरच्या दशकात पंतनगर आणि जबलपूर येथील कृषी विद्यापीठांनी, अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने, सोयाबीनच्या चाचण्या हाती घेतल्या. पुढे जबलपूरच्या विद्यापीठाच्या कक्षेत अनेक वाण तयार झाले. त्यांपैकी १९९४ साली प्रसारित झालेला ‘जे. एस. ३३५’ हा वाण मराठी शेतकऱ्यांच्या तोंडी बसला. यातील ‘जे. एस.’ म्हणजे जवाहर सोयाबीन, हे त्यांतल्या कित्येकांना ठाऊकही नसेल.

असा वाण एका माणसाच्या प्रबंधातून जन्मास येत नाही. संकरापासून प्रसारणापर्यंत साधारणतः दहा-बारा वर्षे लागतात. डॉक्टरेटचा विद्यार्थी त्यात तीन-चार वर्षे एखादा दुवा सांभाळतो. वाणाची निवड करणारा पैदासकार हवा, तसा तांबेऱ्यासारख्या रोगाची परीक्षा करणारा वनस्पतिरोगतज्ज्ञ हवा; चाचण्यांचे आकडे जुळविणारा संख्याशास्त्रज्ञ हवा; तणांचा बंदोबस्त सुचविणारा कृषिविद्यावेत्ता हवा; बियाण्याची शुद्धता तपासणारा, त्याचे उत्पादन पाहणारा, आणि शेवटी शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन त्याच्या भाषेत समजावणारा विस्तार-अधिकारी हवा. ही सारी कामे शास्त्र जाणणाऱ्या माणसाची आहेत, आणि त्यांपैकी फारच थोडी प्राध्यापकाच्या खुर्चीत बसून होतात. विद्यार्थ्याने आपल्या दुव्याच्या पुढची आणि मागची कडी पाहिली, तर त्याची उपजीविका कोठे कोठे असू शकते हे त्याला आपोआप दिसू लागते.

विषय बदलला तरी कमावलेली पद्धती वाया जात नाही, याचा दाखला कमला सोहोनी यांच्या चरित्रात मिळतो. त्यांचा जन्म १९११ साली इंदूरला, भागवत घराण्यात झाला. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, स्त्री म्हणून, त्यांना नकार दिला. त्या स्वतः जाऊन भेटल्या, प्रवेशाचा आग्रह धरला, आणि एक वर्ष परीक्षेवर राहण्याची अट त्यांनी स्वीकारली. तेथे श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी काम केले. पुढे केंब्रिजला त्या गेल्या तेव्हा विषय निराळा झाला: वनस्पतींच्या ऊतींतील श्वसनक्रिया. बटाट्यावर काम करता करता ‘सायटोक्रोम-सी’ हे द्रव्य वनस्पतींतही असते, हे त्यांना आढळले. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट त्यांना मिळाली. तो प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. भारतात परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय, नंतर कुन्नूरची पोषणविषयक प्रयोगशाळा, आणि १९४७ नंतर मुंबईची विज्ञान संस्था असा त्यांचा प्रवास झाला. तेथे नीरा आणि कडधान्ये यांच्या पोषणमूल्यांवर त्यांनी विद्यार्थ्यांसह काम केले. गावे बदलली, विषय बदलले. बंगळूरला हाती आलेली जीवरसायनाची रीत मात्र सर्वत्र उपयोगी पडली.

त्यांच्या भगिनी दुर्गा भागवत यांची कथा याहून वेगळी, पण तितकीच बोधप्रद आहे. संशोधनासाठी मध्य प्रांतातील आदिवासी मुलखात हिंडत असता विषारी कंद खाण्यात येऊन त्यांना दीर्घ आजार जडला. त्यात उमेदीची कित्येक वर्षे गेली. विद्यापीठीय अध्यापकाचा सरळ मार्ग त्यांच्या वाट्यास आला नाही. तरी लोकसाहित्याचा त्यांचा अभ्यास आणि मराठी ललित गद्यातील त्यांचे लेखन यांमुळे त्या महाराष्ट्राच्या विद्वज्जनांत अग्रस्थानी गेल्या. ‘पैस’ या ग्रंथाला १९७१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एका भगिनीने संस्थेच्या आत राहून आणि दुसरीने संस्थेच्या बाहेर राहून संशोधकाचे जीवन पुरे केले. अर्थात, अशा असामान्य व्यक्तींचा दाखला देऊन सामान्य विद्यार्थ्याला ‘तूही सोस’ असे सांगणे अन्यायाचे होईल. त्यांनी जे केवळ मनोबलाने साधले, ते इतरांना पूर्वतयारीने साधता यावे, हाच त्यातून घेण्याचा बोध आहे.

ही पूर्वतयारी म्हणजे काय? अमेरिकेत या शतकाच्या आरंभी डॉक्टरेटनंतरच्या संशोधकांसाठी एक साधी रीत सुचविण्यात आली. संशोधकाने वर्षातून एकदा आपला आराखडा लेखी मांडावा: कोणती कौशल्ये हाती आली, कोणती उणी आहेत, पुढे कोणत्या प्रकारचे जीवन अभिप्रेत आहे, आणि त्यासाठी येत्या वर्षात काय करावयाचे आहे. तो आराखडा मार्गदर्शकापुढे ठेवून त्यावर मोकळेपणी बोलावे. यात नवे काहीच नाही. दुकानदार दिवाळीला वह्या मिटवून नव्या उघडतो, तसाच हा हिशेब आहे. फरक एवढाच की येथे भांडवल पैशाचे नसून वर्षांचे असते, आणि गेलेले वर्ष कोणत्याही खात्यात परत जमा होत नाही.

भारतातील विद्यार्थ्याने या हिशेबात काही गोष्टी आरंभीच मांडून घेतल्या पाहिजेत. पहिली गोष्ट, डॉक्टरेट आणि अध्यापकाची पात्रता या दोन निराळ्या बाबी आहेत. १ जुलै २०२३ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट किंवा सेट यांसारखी पात्रता परीक्षा ही किमान अट ठरविली आणि डॉक्टरेट ऐच्छिक केली. जो विद्यार्थी ही परीक्षा ‘प्रबंधानंतर पाहू’ म्हणून पुढे ढकलतो, त्याची दोन-तीन वर्षे अकारण खर्ची पडतात. कृषिशास्त्रज्ञांसाठी कृषी संशोधन सेवा १९७५ सालापासून आहे. तिची भरती स्वतंत्र परीक्षेने होते.

दुसरी गोष्ट मुदतीची. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार डॉक्टरेटचा कालावधी किमान तीन आणि सामान्यतः कमाल सहा वर्षांचा आहे. स्त्री-संशोधकांना अधिक मुदतीची आणि प्रसूती व बालसंगोपन यांसाठी २४० दिवसांपर्यंतच्या रजेची सोय त्यात आहे. ही सवलत हक्काची आहे. ती मागताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. पुढील बहुतेक अधिछात्रवृत्त्यांना वयाची मर्यादा असते. तेव्हा कोणती वृत्ती कोणत्या वर्षी मागावयाची, याचे टिपण जवळ असावे.

तिसरी गोष्ट शिकविण्याची आणि लिहिण्याची. याच नियमांत संशोधकाने अध्यापनाचे आणि लेखनाचेही शिक्षण घ्यावे अशी अपेक्षा आहे, आणि आठवड्यातून चार ते सहा तास अध्यापन-साहाय्याचे काम त्याच्याकडे देता येते. पुष्कळांना हे ओझे वाटते. वस्तुतः ज्याला आपला विषय पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला, शेतकऱ्याला किंवा कारखान्याच्या व्यवस्थापकाला समजेल असा मांडता येतो, त्याच्यासाठी प्राध्यापकीखेरीज इतर अनेक दारे उघडतात.

डॉक्टरेटनंतरच्या नेमणुकीविषयीही असाच विवेक हवा. ती नेमणूक म्हणजे चांगली जागा मिळेपर्यंतचे धर्मशाळेतील वास्तव्य नव्हे. तेथे कोणते नवे तंत्र शिकावयाचे, स्वतःच्या नावावर कोणता स्वतंत्र प्रश्न उभा करावयाचा, आणि केव्हा निघावयाचे, हे आत शिरतानाच ठरविले पाहिजे. या तिन्हींचे उत्तर देता येत नसेल, तर आणखी एक तात्पुरती नेमणूक स्वीकारण्याऐवजी उद्योग, शासन, बियाणे-प्रमाणन, आरोग्यसेवा, प्रकाशन यांपैकी एखादे क्षेत्र निवडणे हा पराभव मानू नये.

मात्र सारा भार विद्यार्थ्यावर टाकून चालणार नाही. मार्गदर्शकाला बहुधा एकच वाट ठाऊक असते, ती म्हणजे ज्या वाटेने तो स्वतः आला ती. त्यामुळे दुसरीकडे जाऊ पाहणारा विद्यार्थी त्याला नकळत विद्येशी प्रतारणा करणारा वाटतो. कधी कधी तर विद्यार्थी म्हणजे प्रयोगशाळेतील कामाचे दोन हात, एवढाच हिशेब उरतो. दर्जी आपल्या उमेदवाराला स्वतंत्र दुकान काढण्याइतके शिकवितो आणि त्यात स्वतःची प्रतिष्ठा मानतो. विद्यापीठानेही तेवढे औदार्य दाखविले पाहिजे. बाहेर गेलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना बोलावून त्यांचे अनुभव नव्यांना ऐकविणे, कारखान्यात किंवा क्षेत्रावर काही महिने काम करू देणे, आणि आपल्याकडून डॉक्टरेट घेतलेली माणसे आज कोठे आहेत याची नोंद ठेवणे, ही कामे फार खर्चाची नाहीत. प्रवेश घेण्यापूर्वी विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकांनी ही नोंद मागावी. ज्या विभागाला आपल्या विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले हे सांगता येत नाही, त्याच्या हाती पाच वर्षे सोपविताना दोनदा विचार करणे योग्य.

ज्ञानाची उपासना निरपेक्ष असावी, असे जुने वचन आहे, आणि ते खरे आहे. पण उपासकाला पोट असते, घर असते, आणि म्हातारे होत चाललेले आईबाप असतात. त्यांचा विचार करणारा संशोधक कमी प्रतीचा ठरत नाही. उलट पुढची वाट आधी पाहून ठेवणाऱ्याचेच चित्त प्रयोगावर स्थिर राहते. म्हणून उपजीविकेचा विचार प्रबंधाच्या शेवटच्या पानावर नव्हे, तर पहिल्या वर्षाच्या पहिल्या टिपणवहीत मांडला गेला पाहिजे.