पॉझिटिव्ह म्हणजे वाईट, हे कुणी सांगितलं?

सुरतेकडच्या कडोदरा चार रस्त्याजवळच्या एका खोलीत गेल्या महिन्यात एक फाइल माझ्या हातात आली. कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये राबणारा अमळनेरकडचा माणूस. आतड्यात सुरू होऊन यकृतात गेलेली न्यूरोएंडोक्राइन गाठ. रिपोर्टमधल्या एका ओळीखाली बॉलपेननं दोनदा रेघ ओढलेली : ‘सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टर पॉझिटिव्ह’.

“भाऊ, हे पण पॉझिटिव्ह निघालं,” त्याची बायको म्हणाली. मुंबईला कशाला, गावीच नेऊ, असं घरात ठरत आलं होतं.

हे वाक्य इतक्या घरांत ऐकलंय की आता राग येतो. घरच्यांचा नाही, त्या शब्दाचा. करोनानं ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे वाईटच, हे डोक्यात पक्कं बसवलं. इथे अर्थ नेमका उलट आहे.

सोमॅटोस्टॅटिन हे आपल्याच शरीरातलं न्यूरोपेप्टाइड, 14 अमिनो आम्लांची छोटी साखळी. 1973 साली ते ओळखलं गेलं. पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटलं की ते सांगतं : स्रवणं थांबव, वाढ आवर. न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या पेशींवर हे रिसेप्टर बहुधा दाटीवाटीनं असतात. कुठल्या गाठीवर कुठले आणि किती, हे मोजण्यात बर्नच्या ज्याँ क्लोद रॉयबी यांनी अनेक वर्षं घालवली.

मूळ सोमॅटोस्टॅटिन रक्तात काही मिनिटंच टिकतं. म्हणून त्याच्यासारखीच, पण टिकाऊ औषधं घडवली गेली. त्यांतलं ऑक्ट्रिओटाइड महिन्यातून एकदा टोचता येतं. तशाच रेणूला किरणोत्सारी गॅलियम-68 जोडलं की स्कॅनमध्ये गाठ उजळते. किरणोत्सारी ल्युटेशियम-177 जोडलं की तो रेणू रिसेप्टर धरून पेशीच्या आत शिरतो आणि जेमतेम दोन मिलिमीटरच्या टप्प्यात किरणांचा मारा करतो. रिसेप्टर नसेल तर हे औषध धरणार कशाला? हे ल्युटेशियम परदेशातूनच आणावं लागतं असंही नाही. ट्रॉम्ब्याच्या ध्रुव अणुभट्टीत ते तयार होतं आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हे उपचार होतात.

शंका असेल त्यांच्यासाठी : ‘नेटर-1’ चाचणी, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, 2017. मध्यांत्राच्या गाठींचे 229 रुग्ण. ल्युटेशियम मिळालेल्यांत वीस महिन्यांनंतरही आजार न वाढण्याचं प्रमाण 65.2 टक्के, नुसतं जास्त मात्रेचं ऑक्ट्रिओटाइड मिळालेल्यांत 10.8 टक्के. आजार मुळापासून जातो असं नाही, बहुतेकांत तो रोखला जातो. पण वीस महिने म्हणजे घरातल्या मुलीची दहावी किंवा बारावी.

आणि ‘निगेटिव्ह’ ऐकून पेढे आणणाऱ्यांनी थांबावं. पेशी जसजशा बिघडत जातात, तसे हे रिसेप्टर अनेकदा कमी होतात आणि हा उपचारच हातचा जातो.

मात्र सगळे न्यूरोपेप्टाइड रिसेप्टर असे सोयीचे नसतात. फुप्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरच्या पेशी बॉम्बेसिनसारखं पेप्टाइड स्वतःच बनवतात आणि स्वतःच्याच रिसेप्टरवर लावून वाढत राहतात. म्हणून कशासाठी पॉझिटिव्ह, ते आधी विचारा.

बाकीचे समज थोडक्यात. ‘न्यूरो’ म्हणजे मेंदूचा कॅन्सर? नाही, 2018 मध्ये अभिनेते इरफान खान यांना स्वतःच्या अशाच आजाराबद्दल हेच जाहीर सांगावं लागलं होतं. स्कॅनमध्ये प्लीहा उजळलेली दिसली म्हणजे तिथेही पसरला? प्लीहा, मूत्रपिंडं सगळ्यांचीच तशी दिसतात. ल्युटेशियम घेतलेल्याला घरातून वेगळं काढायचं? काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून अंतर, संडास-लघवीची नीट स्वच्छता, आणि किती दिवस ते डॉक्टर सांगतील तसं.

त्या फाइलमध्ये रेघेच्या खाली आणखी एक ओळ होती, तिच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं : क्रेनिंग श्रेणी 3. म्हणजे गाठी निरोगी यकृतापेक्षा जास्त उजळलेल्या; ल्युटेशियमचा विचार करताना डॉक्टर साधारण हेच बघतात. मी ती ओळ त्या बाईला वाचून दाखवली. तिनं पेन मागितलं आणि त्या ओळीखालीही रेघ मारली. मग नवऱ्याला विचारलं, “परळला उतरायचं कुठल्या स्टेशनला?”